सरकी, रुई आणि इन्सुलिनची बाटली

मोठेबाबांनी बाटली दोन तळहातांमध्ये आडवी धरली आणि वात वळावी तशी हळूहळू फिरवू लागले. तळाशी बसलेला पांढरा थर वर आला, बाटली दुधाळ झाली. दहा मिलीची बाटली, लेबलवर मिलीला ४० आययू, म्हणजे इन्सुलिन मोजायच्या मापाचे ४० युनिट, बाजूला लाल टोपीची सिरिंज. मोठ्या आईनं ताट वाढायला घेतलं होतं. सुई भरता भरता मोठेबाबा थांबले.

"तू त याच लायनीत होता ना गा. हे कायपासून बनवतेत?"

काही कंपन्या जंतूंपासून बनवतात, काही यीस्टपासून, म्हणजे पाव फुगवायला वापरतात त्याच्या जातभाईपासून, असं मी सांगितलं.

"जंतूपासून?" त्यांनी सुई परत खाली ठेवली. "अन् आपण ते आंगात टोचून घेतो? मंग जंतू राहत नसन काय त्याच्यात?"

मी नऊ वर्षं एका औषध कंपनीच्या प्युरिफिकेशन, म्हणजे शुद्धीकरणाच्या खात्यात काढली. तिथं येणारे पाहुणे मोठमोठ्या टाक्या बघून खूश व्हायचे, फोटो काढायचे आणि निघून जायचे. इतका मुद्द्याचा प्रश्न त्यांतल्या कुणी विचारल्याचं आठवत नाही. मोठेबाबांना तो सुचला याचं मला फार नवल वाटलं नाही. त्यांची उभी हयात पांढरकवड्याकडच्या एका जिनिंगमध्ये गेली आहे. मूठभर कापूस हातात घेऊन रुईचा उतारा किती बसेल ते सांगणारा माणूस. कापूस पिकवणं वेगळं आणि त्यातून रुई काढणं वेगळं, हे त्यांना कुणी शिकवायला नको.

म्हणून सुरुवात तिथूनच केली. क्विंटलभर कापूस जिनिंगमध्ये गेला की रुई निघते साधारण ३४ किलो. बाकी बहुतेक सरकी, थोडा कचरा, पत्ती, घट. म्हणजे जे हवं ते तिसरा हिस्सा. आता असा कापूस समजा, की त्यात रुई क्विंटलमागे मूठभर, आणि बाकी हजारो प्रकारच्या सरक्या, त्यातल्या काही हुबेहूब रुईसारख्या दिसणाऱ्या. त्यातून ती मूठ अशी वेगळी काढायची की एकही सरकी सोबत येता कामा नये. प्युरिफिकेशन खातं हे काम करतं.

जनुकीय तंत्रज्ञान म्हटलं की आपल्याकडे आधी बीटी आठवतं. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कापसात घातलं, त्यामुळं झाड स्वतःच एक प्रथिन तयार करतं आणि ते खाल्लं की बोंडअळी मरायची. (गुलाबी अळीनं पुढं काय केलं ते इथं कुणाला सांगायला नको.) पण ते प्रथिन झाडातच राहतं. पानातून ते कुणी काढत नाही, धूत नाही, बाटलीत भरत नाही. इन्सुलिनचं उलट आहे. जंतूत माणसाचं जनुक घालणं ही फक्त पेरणी झाली. खरी मेहनत, वेळ आणि बहुतेकदा निम्म्याहून जास्त खर्च त्यानंतरच्या वेगळं काढण्यात जातो.

हे अगदी पहिल्या दिवसापासून तसंच आहे. कॅनडात टोरोंटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी १९२१ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग करून इन्सुलिन शोधलं. ११ जानेवारी १९२२ ला लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या पोराला पहिलं इंजेक्शन दिलं. साखर थोडी उतरली, पण टोचल्या जागी गळू झालं आणि प्रयोग थांबवावा लागला. औषधाचा विचार बरोबर होता, पण बाटलीत औषधापेक्षा गाळ जास्त होता. मग जेम्स कॉलिप नावाचा रसायनाचा जाणकार कामाला लागला. त्यानं त्या अर्कात अल्कोहोलचं प्रमाण वाढवत नेलं. वाढवू तसतशी एकेक नको असलेली प्रथिनं खाली बसत गेली, आणि सुमारे ९० टक्क्यांच्या आसपास इन्सुलिन खाली बसलं. २३ जानेवारीला, म्हणजे बाराच दिवसांनी, तेच औषध स्वच्छ करून त्याच पोराला दिलं आणि तो सावरला. नोबेलच्या गोष्टीत बँटिंगचं नाव सगळ्यांना माहीत असतं, कॉलिपचं कुणाच्या लक्षात राहत नाही. प्युरिफिकेशनवाल्यांच्या नशिबी हे पहिल्यापासूनच आहे.

त्यानंतर साठ वर्षं इन्सुलिन डुकरांच्या आणि गाईंच्या स्वादुपिंडातून काढत होते. एक जुना हिशेब असा सांगतात, की सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास इन्सुलिनसाठी डुकरांचे दोन टनांहून जास्त अवयव लागत. १९७८ मध्ये अमेरिकेत ई. कोलाय या जंतूकडून माणसाचं इन्सुलिन बनवून घेतलं गेलं आणि १९८२ मध्ये ते औषध म्हणून बाजारात आलं.

"म्हणजे जंतूले सालदार ठेवला," मोठेबाबा म्हणाले.

तसंच. आणि सालदार मोठा कामाचा. चांगली सोय केली तर वीसेक मिनिटांत एकाचे दोन होतात. टाकीतला एक थेंब काढला तर त्यात अब्जावधी निघतील. रंग ताकात हळद कालवल्यासारखा, वास आंबूस. आमची ड्यूटी या टाकीचा नळ उघडला की सुरू व्हायची.

पहिलं काम म्हणजे जंतू पाण्यातून वेगळे करणं. त्याचं मशीन तुम्ही पाहिलेलं आहे. डेअरीत दुधाची मलई काढतात तेच, जरा महागडं. स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हालनं १८७८ मध्ये मलईसाठी ते बनवलं; आज त्याचे वंशज औषधाच्या कारखान्यात फिरतात. जोरात गरगर फिरवलं की जड ते कडेला जातं, हलकं मध्ये राहतं. यीस्ट असेल तर काम थोडं सोपं, कारण यीस्टला इन्सुलिनचा कच्चा माल पेशीच्या बाहेर टाकायला लावता येतं. मग पेशी फेकायच्या, पाणी ठेवायचं. ई. कोलायच्या बाबतीत माल पोटात असतो. तेव्हा पाणी फेकायचं, जंतू ठेवायचे आणि प्रचंड दाबाखाली बारीक फटीतून ढकलून फोडायचे. जिवंत जंतूंची गोष्ट इथंच संपली. पण मोठेबाबांच्या प्रश्नाचं उत्तर इथं संपत नाही, ते पुढं बघू.

फुटलेल्या जंतूत माल सापडतो तो गाठीच्या रूपात. जंतूच्या इवल्याशा अंगात परकं प्रथिन ठासून भरलं की त्याची नीट घडी न पडता ते एकमेकांत गुंततं आणि त्याचा घट्ट गोळा होतो. प्रेसिंगमध्ये रुई दाबून १७० किलोची गाठ बांधतात, तसा. ही गाठ सोडवायला वापरतात युरिया. हो, आपला पोत्यातला युरिया जे रसायन आहे तेच, फक्त औषधाच्या दर्जाचं. एका लिटरला जवळपास ४८० ग्रॅम. त्यात गाठ विरघळते, प्रथिनाचा धागा सुटा होतो. मग भरपूर पाणी घालून युरिया पातळ करत न्यायचा, म्हणजे धाग्याला आपली मूळ घडी घालायला उसंत मिळते.

इथं मला अजूनही गंमत वाटते. इन्सुलिनच्या धाग्यावर सहा जागी गंधकाच्या आकड्या आहेत आणि त्या दोन-दोनच्या जोडीनं एकमेकींत अडकतात. सहा आकड्यांच्या तीन जोड्या लावायच्या तर १५ प्रकारे लागतात. त्यातला एकच प्रकार औषध. बाकी १४ प्रकारांत माल तोच, वजन तेच, पण घडी चुकलेली. सदऱ्याचं बटण खालच्या काजात गेलं की सगळा सदरा वाकडा होतो, तसं. म्हणून पाणी किती, आम्लपणा किती, थंडी किती, हे सगळं जपून ठेवावं लागतं. घडी बरोबर बसली की मधला एक जास्तीचा तुकडा विकरांनी, म्हणजे एन्झाइमांनी, कापून टाकतात. तो तुकडा घडी पडेपर्यंत आधाराला होता, आता त्याचं काम नाही. उरतं ते ५१ अमिनो आम्लांचं इन्सुलिन.

पण एकटं नाही. सोबत चुकलेल्या घड्या, अर्धवट कापलेले तुकडे, जंतूची स्वतःची प्रथिनं, त्याचा डीएनए, कापायला घातलेली विकरं. आता हे निवडायचं कसं? चाळणी चालत नाही, कारण त्यातल्या बऱ्याच गोष्टींचे आकार जवळजवळ सारखे. उपणून होत नाही.

यासाठी कॉलम असतो. काचेचा किंवा पोलादाचा उभा नळा, त्यात बारीक साबुदाण्यासारखे मणी ठासून भरलेले. आठवडी बाजाराची एक लांब गल्ली डोळ्यांपुढं आणा. दोन्ही बाजूंना फक्त बांगड्यांची दुकानं. गल्लीच्या एका तोंडानं सगळं गाव एकदम आत सोडलं. गडीमाणसं पाच मिनिटांत दुसऱ्या टोकाला, बाया दर दुकानाशी थबकत थबकत तासाभरानं. कुणाला हात लावला नाही, तरी गर्दीचे दोन वाटे झाले. उद्या बांगड्यांच्या जागी बैलांचा साज मांडला, तर वाटे उलटे पडतील. कॉलममध्ये मण्यांवर कधी धन भार असतो, कधी ऋण, कधी तेलासारखा पाण्याला नाखूश लेप. प्रत्येक प्रथिन आपापल्या ओढीनं कुठं चिकटतं, कुठं सुटतं. मग वरून मीठ किंवा अल्कोहोल वाढवत नेलं की ज्याची पकड सैल तो आधी सुटतो. ही युक्ती रशियाच्या मिखाईल त्स्वेतनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढली. झाडाच्या पानांतले हिरवे-पिवळे रंग त्यानं खडूच्या भुकटीतून असे वेगळे पाडले होते.

एक प्रकार तर लोकांना उलटा वाटतो. त्यात मण्यांना बारीक बिळं असतात आणि मोठे रेणू आधी बाहेर पडतात, लहान मागून. मोठेबाबांनी हे लगेच धरलं. बैलबंडी बोळीत शिरत नाही, सरळ रस्त्यानं निघून जाते. पोरं प्रत्येक बोळीत घुसून येतात.

हे काम सांगायला सोपं आहे, पण रात्री अडीचला सोपं नसतं. एकदा माझ्या पाळीत कॉलमवरचं द्रावण संपलं आणि मी दुसरी टाकी जोडायला दोन मिनिटं उशीर केला. नळ्यात हवा शिरली. मण्यांच्या थराला वरून खाली एक केसासारखी भेग गेली, उन्हाळ्यात काळ्या मातीला जाते तशी. मग सगळं पाणी त्या भेगेतून पळायला लागलं, मण्यांना भेटेचना. पडद्यावरच्या आलेखात जिथं एक सरळ उंच शेंडा यायला हवा, तिथं दोन बसकी टेकाडं आली. माल गेला नाही, पण पुन्हा सुरुवातीपासून चालवावा लागला आणि उतारा घसरला. सुपरवायझर काही बोलला नाही. नुसता त्या आलेखाचा कागद माझ्या हातात देऊन गेला, ते जास्त लागलं.

उताऱ्याचा हिशेबही जिनिंगसारखाच कडू आहे. एका टप्प्यात शंभरातले नव्वद हाती आले तर कुणीही म्हणेल, झकास. पण असे सहा टप्पे लावले की शंभराचे त्रेपन्न उरतात, दहा लावले तर पस्तीस. म्हणून एकेक टप्पा कमी करण्यासाठी लोक वर्षानुवर्षं डोकं लावतात. आणि शेवटच्या टप्प्यांत तर भांडण केसाएवढ्या फरकाचं असतं. इन्सुलिन ठेवून ठेवून थोडं बिघडतं तेव्हा त्याच्या एका टोकाला किरकोळ बदल होतो. मूळ रेणूचं वजन ५,८०८ आणि बिघडलेल्याचं त्याहून १ जास्त. पावणेसहा किलोच्या गाठोड्यात एका ग्रॅमचा फरक ओळखावा तसं हे काम. आणि ते कॉलम ओळखतो. शेवटी जस्त घालून स्फटिक पाडतात. खडीसाखरेचा खडा जमताना मळी बाहेर राहते, त्याच न्यायानं उरलीसुरली घाणही बाहेर.

आता जंतूचा प्रश्न. मेलेले जंतू गाळून गेले, पण त्यांच्या सालीचे तुकडे मागं राहू शकतात. ई. कोलायसारख्या जंतूंच्या सालीत एक पदार्थ असतो, एंडोटॉक्सिन. तो रक्तात गेला की हुडहुडी, ताप, जास्त झाला तर जीवावर. किती पुरतो? ६० किलोच्या माणसाला तासाभरात जितका चालतो त्याची मर्यादा भरते साधारण ३० नॅनोग्रॅम. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यातले तीस.

"उकळून घेतलं त?" मोठ्या आईनं विचारलं. तिनं सगळं ऐकलं होतं.

उकळून हा जात नाही. जंतू मरतो, साल तशीच. काचेच्या रिकाम्या बाटल्यांवरून तो घालवायला २५० अंशांची कोरडी आच अर्धा तास देतात, आणि एवढ्या आचेवर इन्सुलिन टिकणार नाही. म्हणून तो कॉलमवरच धरून ठेवावा लागतो आणि नंतर तपासून घ्यावा लागतो. ही तपासणी एका समुद्री प्राण्याच्या निळ्या रक्तानं होते. हॉर्सशू क्रॅब म्हणतात त्याला, पण तो खेकडा नाही, विंचू-कोळ्याच्या नात्यातला आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावर सापडतो. एंडोटॉक्सिनचा मागमूस लागला की त्याचं रक्त गोठतं. आता तर त्या रक्तातला कामाचा घटकही जनुकं बदललेल्या पेशींकडून बनवून घेतात, म्हणजे जनावर वाचतं.

"मंग एवढं साफ केलं, त हे गढूळ काऊन हाय?" मोठेबाबांनी बाटली उजेडात धरली.

मला हा प्रश्न अपेक्षितच होता. त्यांचं इन्सुलिन ३०-७०चं मिश्रण आहे. त्यातलं तीस टक्के चटकन काम करणारं, स्वच्छ पाण्यासारखं. उरलेल्या सत्तर टक्क्यांला प्रोटामिन नावाचं माशांपासून मिळणारं प्रथिन मुद्दाम जोडलेलं असतं, म्हणजे त्याचे बारीक स्फटिक कातडीखाली सावकाश विरघळतात आणि दिवसभर पुरतात. तो दुधाळपणा म्हणजे घाण नाही, मुद्दाम घातलेला माल आहे. औषधाचा तो उग्र वासही क्रेसॉलचा, बाटली पुन्हा पुन्हा टोचली तरी त्यात काही वाढू नये म्हणून. शुद्ध म्हणजे दुसरं काहीच नाही असं नव्हे. आत जे जे आहे ते कुणीतरी जाणूनबुजून घातलेलं आहे आणि मोजलेलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. खुद्द इन्सुलिन त्या बाटलीत भरतं फक्त १४ मिलिग्रॅम. मी त्यांना उंबऱ्याशी पडलेली एक सरकी उचलून दाखवली. तिच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढं.

सगळीच औषधं एवढी साफ नसतात, हेही सांगायला हवं. दोन वर्षांमागं सोयाबीन सोंगताना माझ्या चुलतभावाला परड चावली. घोणसीला आमच्याकडे परड म्हणतात. ग्रामीण रुग्णालयात सापाच्या विषावरचं औषध सलाइनमधून लावलं आणि अर्ध्या तासात तो पलंगासकट हलेल असा थरथरायला लागला. बाहेर बसलेले नातेवाईक म्हणाले, औषध उलटलं. सिस्टरनं सलाइन थांबवलं, दुसरं इंजेक्शन दिलं, थंडी उतरल्यावर पुन्हा हळू धारेनं चालू केलं. माणूस वाचला.

ते औषध घोड्याच्या रक्तातून येतं. घोड्याला विषाचे अगदी थोडे थोडे डोस देतात, त्याच्या रक्तात विषावरचा उतारा, म्हणजे विष निकामी करणारी प्रतिपिंडं, तयार होतो, मग रक्तातला पातळ भाग घेऊन साफ करतात. पेप्सिन नावाच्या विकरानं प्रतिपिंडाचा शेपटीचा, त्रास देणारा भाग कापतात. मग अमोनियम सल्फेट, म्हणजे तुम्ही शेतात टाकता ते खत, किंवा कॅप्रिलिक आम्ल घालून नको ती प्रथिनं खाली बसवतात. शेवटी गोठवून वाळवतात आणि भुकटी बाटलीत भरतात. दहा मिली पाण्यात विरघळवली की तिच्या प्रत्येक मिलीनं नाग किंवा घोणसीचं ०.६ मिलिग्रॅम आणि मण्यार किंवा फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी व्हावं, असा हिशेब. पण घोड्याच्या रक्तात फक्त विषावरची प्रतिपिंडं नसतात. त्या घोड्यानं आयुष्यभर ज्या ज्या रोगजंतूंशी झुंज दिली, त्या सगळ्यांवरची असतात, आणि दिसायला सगळी सारखी. बांगड्यांच्या गल्लीतही ती वेगळी होत नाहीत. म्हणून बाटलीतलं पुष्कळसं सामान रोग्याच्या कामाचं नसतं, तरी शरीराला ते परकंच. हुडहुडी बहुतेक त्यातून येते, कधी एंडोटॉक्सिनच्या शिल्लकीतून. तरीही घोणस चावल्यावर हे औषध नाकारणं म्हणजे मरण ओढवून घेणं आहे. थरथर थांबवता येते, विषाला दुसरा उतारा नाही. जंतूंकडून किंवा पेशींकडून नेमकी हवी तीच प्रतिपिंडं बनवून घ्यायचे प्रयत्न जगभर चालू आहेत. ते जमलं तर तिथंही खरं काम आमच्याच खात्याचं असेल.

जेवण झालं. मोठेबाबा उठले आणि फ्रिजमधून दुसरी, न उघडलेली बाटली घेऊन आले. इतकी वर्षं ते बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी रेतीत ठेवायचे, मे महिन्यात पारा ४५ वर गेला तरी. यंदा पोरानं फ्रिज घेऊन दिला.

"हे पाह्य बरं. हे फिरवलं तरी दुधासारखं होत नाही."

मी बाटली उजेडात धरली. आत पांढरे कण तरंगत होते, काही काचेला आतून चिकटलेले, फाटलेल्या दुधासारखे. मी विचारलं, कुठं ठेवली होती?

"वर, बरफाच्या खणात. जास्त थंड्यात ठेवलं त जास्त दिवस टिकन, म्हणून ठेवलं."

सहा आकड्या, पंधरातली एक घडी, कॉलमची गल्ली, जस्ताचे स्फटिक, सगळं एका रात्रीत गोठून गेलं होतं. इन्सुलिन थंड हवं, २ ते ८ अंश, पण गोठता कामा नये. एकदा गोठलं की पुन्हा वितळवून उपयोग नाही. मी ती बाटली बाजूला काढली आणि चालू असलेली फ्रिजच्या दारातल्या खणात ठेवली. मोठेबाबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी ती बिघडलेली बाटली उचलली, पुन्हा एकदा तळहातांत धरून फिरवून बघितली आणि किमतीच्या आकड्यावर अंगठा ठेवून बसून राहिले.